पाणपिसवांना पाजलेले तीर्थ

हूरा, बहारीन
श्रावणातला सोमवार (उपास सोडायच्या आधी)

ती. सौ. कस्तुरीवहिनी,

हूऱ्याच्या तिसऱ्या मजल्यावरून तुमच्या धाकट्या जावेचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे नमस्कार जेमतेम गुडघ्यांपर्यंत पोचतो, पुढचा मनाने घ्यावा). भावोजींचे गुडघे, तुमची साखर आणि परसातला फणस, तिघेही आपापल्या जागी ठीक असतील अशी आशा आहे. इकडे आम्हीही ठीक आहोत असे लिहिणार होते, पण सोमवारी खोटे लिहू नये. इकडे आम्ही आहोत, एवढेच लिहिते.

पत्र पाहून तुम्ही घाबराल की कोण गेले. कोणी गेले नाही. (म्हणजे गेले, पण त्यांचे सुतक आपल्याला नाही. ते पुढे येते.) गौरवच्या बँकेतला प्रवीण तुमच्याजवळच्या मलकापूरला घरी निघाला आहे, तो हे तुमच्या हातात देईल. फोनवर सांगण्यासारखे हे नाही. फोन आला की तुम्ही कौतुकाने स्पीकर लावता, मग भावोजी, शेजारच्या काकू आणि दूधवाला असे सगळे मिळून ऐकतात, आणि मी बोलते वेगळे नि दुसऱ्या दिवशी तुमच्या गल्लीत ऐकू येते वेगळे. पत्राला स्पीकर नाही, हा त्याचा फार मोठा गुण आहे.

मागच्या फोनवर तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक, निवेदिता या वर्षी गौरी-गणपतीला कराडला येणार की नाही. दुसरी, तुम्ही दर फोनला विचारता तीच, म्हणून ती इथे उतरवत नाही. पहिल्या प्रश्नाला मी “बघू” म्हणाले, तेव्हा तुम्ही “बघू काय, सूनच ना तुझी?” असे म्हणालात. वहिनी, सून माझीच आहे, पण तिचे येणे न येणे गेला महिनाभर माझ्या हातात नव्हते, गौरवच्या नव्हते, तिच्या साहेबांच्याही नव्हते. ते होते पाण्यातल्या पिसवांच्या हातात. (त्यांना हात असतात. डोक्यापासून फुटलेले, फांद्यांसारखे. त्यांनीच त्या पोहतात.) हे आता नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल हेमाला बहारीनचे ऊन चढले.

निवेदिता ज्या प्रयोगशाळेत कामाला आहे, तिथे पाणी, माती, तेल असले काहीबाही तपासतात. मध्यंतरी तिथे एक कंपनी आली. तिचे म्हणणे, आम्ही समुद्राच्या तळाला भोक पाडताना यंत्रात जे वंगण घालतो ते नेहमीचे काळे तेल नव्हे, ते खायच्या तेलापासून केलेले आहे, तेव्हा पाण्यात सांडले तरी कुणाचे काही बिघडत नाही. असे कागदावर लिहून द्या. निवेदिता म्हणाली, तपासल्याशिवाय कसे देऊ? तिच्या प्रयोगशाळेने ही लांबलचक चाचणी आजवर केलेली नव्हती. साहेब म्हणाले, आधी एक रंगीत तालीम करून दाखव. आणि नेमकी त्याच वेळी तिथली थंड खोली बंद पडली. दुरुस्तीवाला रोज येई, यंत्राकडे बघे, “बुक्रा, इंशाल्ला” म्हणे आणि जाई. बुक्रा म्हणजे उद्या. इथला उद्या कधी उजाडतो ते इतकी वर्षे राहूनही मला कळलेले नाही. शेवटी निवेदिताने साहेबांना विचारून तालमीच्या सगळ्या बाटल्या घरी आणल्या.

घरात सगळ्यात गार खोली कोणती? देवाची. तिला खिडकी नाही, भिंत उन्हाची नाही. तेव्हा माझ्या देव्हाऱ्याच्या समोर, जिथे मी पोथी ठेवते त्या फळीवर, लहान बरण्यांएवढ्या काचेच्या बाटल्यांची रांग लागली. प्रत्येकीत एकेक पिसू. दिसायला म्हणाल तर भाताच्या कणीहून लहान, अंग काचेसारखे, पोटात काय चालले आहे ते बाहेरून दिसते. (अशी अंगे माणसांना नाहीत ही देवाची मोठी कृपा.) आणि मग नियम सुरू झाले. एसी सतत चालू. दिवा पहाटेपासून झोपायच्या वेळेपर्यंत चालू. उदबत्ती नाही, धूप नाही, कापूर नाही, कारण धूर पाण्यात उतरतो. मी, बाहेर अंडे ठेवले तर उकडेल अशा दिवसांत, स्वेटर घालून, वर शाल पांघरून, वाकड्या कंबरेने, कापराशिवाय आरती करत होते. खोलीत कोणी नसताना जळणाऱ्या त्या दिव्याकडे बघून माझा जीव कसा होत असेल ते तुम्हीच जाणाल. आपण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना दिवा घालवणाऱ्या बायका.

त्या वंगणाबद्दलही विचारले. आपल्याला समजो न समजो, घरात काय येते ते माहीत असावे. निवेदिता म्हणाली, “आई, तेलातलं आम्ल आणि अल्कोहोल एकत्र आणलं की एस्टर होतं.” मी म्हटले, अल्कोहोल म्हणजे? ती म्हणाली, म्हणजे तेच, पण प्यायचे नव्हे. श्रावणात, देवासमोर! मी पळीपंचपात्र उचलून स्वयंपाकघरात नेले. मग तिने पुष्कळ समजावले की दोघांचे एकदा जमले की तेल तेल राहत नाही आणि दारू दारू राहत नाही, तिसरेच काहीतरी होते. (हे म्हणाले, “लग्नासारखंच.” यांच्या ताकाला मी मीठ घातले नाही त्या दिवशी.) शेजारची शरीफुन्निसा, खेडकडची, तुम्ही मागे आलात तेव्हा जिने तुम्हाला सांदणे खिलवली होती ती, तिलाही हे ऐकून धक्का बसला. ती दाराबाहेरूनच म्हणाली, “गो हेमाताय, दारू हाय तं मी नाय येत आत.” आम्ही दोघींनी मिळून निवेदिताची उलटतपासणी घेतली, आणि माझा देव नि तिचा अल्ला दोघांनाही चालेल अशी खात्री झाली, तेव्हा कुठे मी पळीपंचपात्र परत आणले आणि शरीफुन्निसा आत आली. आत आल्यावर तिने बाटल्यांना नाक लावून पाहिले आणि विचारले, “जवळा हाय का? येवढ्याशानं कालवन नाय व्हायचं.”

तर चाचणी अशी. काही बाटल्यांवर हिरवी चिकटपट्टी. त्यांत नुसते कोरे पाणी. बाकीच्यांवर तांबडी. त्यांत ते वंगण, कुठे जरासे, कुठे त्याहून जास्त. सगळ्यांना खायला सारखेच, हिरवे शेवाळाचे पाणी. आणि मग फक्त बघत राहायचे. मी विचारले, मरतात का ते बघायचे? (पाप कोणाच्या माथी, हे मला आधी ठरवायचे होते.) निवेदिता म्हणाली, “नाही आई. एका दिवसात कुणी मरत नाही, हे कंपनीलाही ठाऊक आहे. रोज थोडं थोडं मिळत राहिलं तर काय होतं ते बघायचंय. खातात, पितात, पोहतात, सगळं छान दिसतं. फक्त पिल्लं कमी होतात. किंवा होतच नाहीत.” मग प्रत्येकीला किती पिल्ले झाली ती मोजायची, काढून दुसऱ्या भांड्यात घालायची आणि आकडा मांडून ठेवायचा. हे म्हणाले, कमी झाली तर बिघडले काय, सगळे जग तेच सांगते आहे. निवेदिता हसली नाही. ती एरवी यांच्या विनोदांना हसते, सासरे म्हणून.

ती सकाळी कामावर जाई, म्हणून दिवसाचे लक्ष माझ्याकडे आले. मी शास्त्रात काठावर पास झालेली मॅट्रिक, पण मांडणी मला येते. जन्मभर खर्चाची वही लिहिली आहे, त्यात दुधाच्या पानासमोर एक पान पिसवांचे घातले, जमेला पिल्ले आणि खर्चाला काही नाही. डोळ्यांवर चष्मा, त्यावर यांचे भिंग, हातात थेंब टाकायची नळी. पहिली वीण झाली त्या दिवशी मला काय वाटले सांगू? मी गूळ ठेवला देवापुढे. लाज वाटते लिहिताना, पण ठेवला. आणखी एक तुम्हाला सांगायचे राहिले, यांच्यात पुरुष नसतात. सगळ्या बायका. आपापल्या आपण गरोदर होतात, आपापल्या बाळंत होतात. दिवस वाईट आले, खायला नाही, पाणी आटले, तरच त्यांना मुलगे होतात. हे निवेदिताने सांगितले तेव्हा शरीफुन्निसा पटकन म्हणाली, “वाईट दिवस आले की बाप्ये पैदा व्हतात, ह्यात शिकायचं काय हाय? आमच्या खेडला इचार कुनाला बी.” त्या दिवशी निवेदिता हसली. खूप हसली. आणि मग भिंगातून बघता बघता म्हणाली, “सुखी आहेत बिचाऱ्या. कितीही मोजा, यांना कळत नाही मोजतंय कुणीतरी.” मी पिल्ले मोजत होते, माझा आकडा चुकू नये म्हणून मी त्यावर काही बोलले नाही. बोलायला हवे होते की काय, ते आता वाटते.

आता तुमच्या तांब्याच्या कळशीकडे येते. वहिनी, कळशी देखणी आहे. प्रवीणच्या मागल्या खेपेला तुम्ही ती धाडलीत, आत चिठ्ठी होती. रात्री पाणी भरून, तुळशीचे पान टाकून, स्तोत्र म्हणून झाकून ठेवावे आणि पहाटे सुनेला अनशापोटी एक फुलपात्र द्यावे, तुमच्या माहेरच्या तिघींना गुण आला. मी तुमचा शब्द कधी मोडला आहे का? गौरवच्या वेळेला मी अंथरुणाला खिळले होते, तुम्ही स्वतःची पोर कडेवर घेऊन माझे बाळंतपण केलेत, ते मी विसरणार नाही. मी रोज कळशी चिंचेने लख्ख घासायची, पाणी भरायची, स्तोत्र म्हणायची, पहाटे फुलपात्र टेबलावर ठेवायची. पहिले काही दिवस निवेदिताने निमूट घेतले. मग तिला कामाला उशीर होऊ लागला. फुलपात्र भरलेलेच राही. “आई, आल्यावर घेते.” आल्यावर अनशापोटी कुठले?

आता मला सांगा, त्या पाण्याचे करायचे काय? तीर्थ ते. मोरीत ओतता येत नाही. तुळशीला घालावे, तर गच्चीतली तुळस आषाढातच उन्हाने वाळून काडी झाली, आता तिची पाने मी शरीफुन्निसाच्या फ्रिजमधून आणते (ती चहात घालते, पण देवाच्या कामाला म्हटले की मोजून वेगळी काढते). आपण प्यावे, तर ते सुनेच्या नावाने काढलेले, या वयात भलता गुण आला तर? यांना द्यायचा तर प्रश्नच नाही. टाकवत नाही, ठेववत नाही. मी फुलपात्र हातात धरून देवासमोर उभी राहिले. समोर बाटल्यांची रांग.

आणि वहिनी, त्या रांगेकडे बघून माझ्या मनात बरेच दिवस काहीतरी खुपत होते, ते त्या दिवशी वर आले. तांबड्या पट्टीवाल्यांना रोज काहीतरी मिळते. तेलच ना शेवटी, कुणाला थोडे, कुणाला जास्त. आणि हिरव्या पट्टीच्या बिचाऱ्यांना काय? कोरे पाणी. एका पंगतीत बसवायचे आणि काहींच्या पानात तूप वाढायचे, काहींचा भात कोरडा ठेवायचा, असे आपल्या घरात कधी झाले आहे का? सासूबाई असत्या तर वाढपी हाकलला असता. या पिसवाही लेकुरवाळ्याच. तीर्थ मुलाबाळांसाठीच काढलेले. कुणाच्या तरी मुखी लागेल. मी हिरव्या पट्टीच्या प्रत्येक बाटलीत पळीने तीर्थ घातले. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. पुढचे काही दिवस नेमाने घातले, नमस्कार करून.

आधी त्या मंदावल्या. वरखाली उड्या मारत पोहायच्या, त्या तळाशी बसू लागल्या. मला वाटले उकडते आहे, मी एसी वाढवला. मग मला वाटले दिवस राहिले असतील, जड झाल्या असतील. मग एका दुपारी बघते तर सगळ्या हिरव्या बाटल्यांच्या तळाशी पांढरे पांढरे ठिपके, आणि तांबड्या बाटल्यांतल्या आपल्या खुशाल नाचत होत्या.

निवेदिता आली, चप्पल काढायच्या आधी खोलीत गेली. मी स्वयंपाकघरात वरीचे तांदूळ ढवळत उभी. मग तिने हाक मारली, “आई, हिरव्या बाटल्यांत काही घातलं होतंत का?” मी म्हटले, “काही नाही गं. फक्त तीर्थ.” “कशातलं?” मी कळशी दाखवली. तिने कळशीत बोट फिरवले, बोट बघितले, बाटल्या बघितल्या, आणि मटकन पाटावर बसली. मला सांगितले तेव्हा कळले, की तांबे या जिवांना सगळ्यात वाईट. आपल्याला काही होत नाही, आपण एवढे मोठे. त्यांना त्याचा अंशही पुरतो, आणि मी तर चिंचेने घासलेल्या कळशीतले, रात्रभर मुरलेले, पळीपळीने पाजलेले. आणि कोऱ्या पाण्यातल्याच गेल्या, म्हणजे सगळी चाचणी बाद. कोरे पाणी हेच म्हणे माप असते, त्याच्याशी बाकीच्यांची तुलना. मापच मोडले तर मोजायचे कशाने? हे नेमके तेव्हाच कामावरून आले, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे तेल पिणाऱ्या जगल्या आणि तीर्थ पिणाऱ्या गेल्या?” मी म्हटले, हे वाक्य या दाराबाहेर गेले तर बघा. (गौरवने ते बँकेत सांगितले. प्रवीणला ठाऊक आहे. त्याला विचारू नका.)

मी वाट बघत होते, पोर आता रडेल, नाहीतर मला बोलेल. बोलली असती तर मी ऐकून घेतले असते, सासू असले तरी. महिन्याची मेहनत, साहेबांना तोंड द्यायचे, कंपनी काम दुसरीकडे नेईल की काय ही धास्ती. पण तिला हसू फुटले. पाटावर बसून, पदराने नव्हे, ओढणीने तोंड दाबून हसली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली, आणि मग ते पाणी जरा जास्तच येऊ लागले, तेव्हा मी गॅस बारीक करायच्या निमित्ताने आत गेले. परत आले तर ती बाटल्या गोळा करत होती. म्हणाली, “जाऊ दे आई, तुम्ही प्रेमानंच घातलंत. आता पुन्हा पहिल्यापासून लावायचं. म्हणजे मधे गणपती आले. म्हणजे मला कराडला काही जमणार नाही.”

आणि वहिनी, ती मोरीवर बाटल्या धुताना गाणे गुणगुणत होती.

मी आयुष्यात फार काही शिकले नाही, पण जिचे महिन्याचे काम पाण्यात गेले ती मुलगी बाटल्या धुताना गाणे म्हणत नाही, एवढे मला कळते. मी दाराशी उभी राहून ते गाणे ऐकत होते. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला ती पितळी समया घासताना हेच गुणगुणत होती, तुम्हाला आठवेल, तुम्हीच म्हणाला होतात, हिचा गळा गोड आहे, हिला आरतीला पुढे बसवा. गेल्या गौरीला ती मागे, ताटांच्या ढिगाशी बसली होती. का बसली ते मी तेव्हा विचारले नाही, ताटे पुसली जात होती म्हणून.

असो. तर निवेदिताचे यंदा जमत नाही. चाचणी परत लावली आहे. मी आणि हे दोघे येऊ, गौरवला सुट्टी मिळाली तर तोही येईल. गौरींच्या साड्या मी इकडून आणत नाही, इथे त्याच साड्या तिकडून येतात आणि दुप्पट भावाने विकतात. हळदीकुंकवाच्या डब्या मात्र आणते, शरीफुन्निसाच्या ओळखीने मुहर्रकला स्वस्त मिळाल्या. मोदकाचे पीठ तुम्ही दळून ठेवा. भावोजींना गुडघ्याला शेक घ्यायला सांगा, पायऱ्या नको म्हणावे. मुलांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, दूधवाल्याला काही नाही.

पाठ धरली म्हणून इथेच थांबणारी,
तुमची हेमा

ता. क. कळशीचा दोष नाही. तुमचा तर नाहीच नाही. तुम्ही तिला गुण यावा म्हणून दिलीत, मी त्यांना गुण यावा म्हणून घातले. आता कळशी हॉलमध्ये आहे, तिच्यात निवेदिताने मनीप्लँट लावला आहे. ऐटीत वाढतो आहे.

ता. क. २. वर लिहिले ते सगळे खरे आहे, पण एक लिहिले नाही, ते आता लिहिते, कारण पाकीट अजून उघडेच आहे. निवेदिताला जमणार आहे. थंड खोली परवा सुरू झाली (बुक्रा एकदाचा उजाडला). बाटल्या प्रयोगशाळेत गेल्या, देवघरात पुन्हा कापूर लागला. तिच्या हाताखाली कश्मिरा म्हणून हुशार मुलगी आहे, ती गणपतीचे ते चार दिवस सहज बघेल. तिनेच मला सांगितले, निवेदिताला ठाऊक नाही मला ठाऊक आहे ते. म्हणजे चाचणीमुळे अडलेले नाही, वहिनी.

गेल्या गौरीला ओटी भरताना तुम्ही तिच्या पदरात नारळ घातलात आणि सगळ्या बायकांपुढे म्हणालात, “पुढच्या वर्षी दोघांनी नाही, तिघांनी या.” सगळ्या हसल्या. मीही हसले. ती पण हसली. कुणी एका दिवसात मरत नाही. पण दर फोनला एकदा, चिठ्ठीत एकदा, कळशीत रोज. तुम्ही, मी, माझी बहीण, खालची केरळची बाई, सगळ्यांनी थोडे थोडे. मायेनेच.

माझी विनंती एवढीच. ओटी भरा, नारळ घाला, खण घाला, वाक्य घालू नका. आणि बाकीच्या बायकांनाही तुम्ही सांगा, माझे त्या ऐकणार नाहीत, तुमचे ऐकतात. कोऱ्या पाण्यात काही घालायचे नसते, ते कितीही चांगले असले तरी. हे शिकायला मला एक अख्खी पंगत गमवावी लागली.

ता. क. ३. तुम्ही विचाराल, पण डॉक्टर काय म्हणतात, अडचण कुणात आहे, का त्यांनाच नको आहे. मला ठाऊक नाही. मी विचारलेले नाही. (हे मला किती जड जाते आहे ते तो एक वरचा जाणे.)

ता. क. ४. तिला या पत्राचे काही माहीत नाही. तिकीट अजून काढलेले नाही, रोज भाव चढतो आहे, पण त्याचे मी बघते. तुमचे “बरं” एवढेच आले की मी तिच्यापाशी जाऊन म्हणेन, चल, कस्तुरीकाकूंनी आरतीला पुढे बसायला बोलावले आहे. तेवढे “बरं” फोनवर सांगितलेत तरी चालेल.

स्पीकर लावून सांगा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे.